चिंचेजवळचा दचका

चिंचेपाशी दचका बसला नाही. रविवारची सकाळ, स्कूटर आपल्या चालीनं चाललेली, मागं पांढरं पातळ नेसून शामकला बसलेली, आणि रत्नपालची पाठ सवयीनं आवळून तयार झालेली. पण खालून काही आलंच नाही. भरलेली समजून घागर हिसक्यानं उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसं त्याला झालं. खरं म्हणजे त्याला बरं वाटायला हवं होतं. गोंदियातला हा रस्ता त्याच्याच हाताखालच्या माणसांनी गुरुवारी इथवर आणला होता. जुना खरवडून काढून, तोच माल पुन्हा तापवून, नव्यात कालवून. चिंचेच्या मुळानं रस्त्याला आलेलं टेंगूळ मशीननं पार काढून टाकलं होतं. न बसलेल्या दचक्यांबद्दलच तर मुकादमाला शाबासकी मिळते. पण शामकलाचा हात आला नाही. गेली कित्येक वर्षं या एका जागी, फक्त इथंच, तिचा हात त्याच्या खांद्यावर यायचा, क्षणभर टेकायचा आणि परत सीटमागच्या दांड्यावर जायचा. चारचौघांत नवऱ्याला धरून बसणाऱ्यातली ती बाई नव्हती. हात दचक्यामुळे यायचा हे रत्नपालला कळत होतं, तरी त्याचा खांदा आधीपासून वाट पाहायचा. आज खांदा तसाच राहिला, आणि थोडं पुढं गेल्यावर शामकलानं विचारलं, "कुठी आलो आपन?"

"कुठी म्हंजे? चिंच मांग राह्यली ना."

"हव, पाह्यली मी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "लय धूळ बसली तिच्यावर यंदा. आता पानी आलं का धुतली जाईन."

रत्नपालनं स्कूटरचा वेग तसाच ठेवला. चिंच तोडून पंधरवडा होत आला होता. रुंदीकरणात तिचा नंबर लागला, दोन दिवस करवत चालली, फांद्या कोणी कोणी घरी नेल्या, आणि आता तिथं जमिनीपासून गुडघाभर उंचीचा बुंधा तेवढा होता. लोक अजून त्या जागेला चिंचच म्हणत, म्हणून तोही म्हणाला. झाड तोडल्याचं त्यानं घरी सांगितलं नव्हतं, कारण घरी तो काहीच सांगत नसे. मागच्या रविवारी रस्ता बंद होता, त्यामुळं दोघं विहारात गेलीच नव्हती. शामकला नेहमीसारखी एका अंगानं बसली होती, तोंड डाव्या बाजूला, बुंध्याकडेच. बुंधा तिच्या डोळ्यांसमोरून गेला होता, आणि तिनं त्यावर धुळीनं भरलेलं अख्खं झाड पाहिलं होतं.

विहारात तो पुरुषांच्या रांगेत मागं बसला आणि वंदना सुरू झाल्यावर ओठ हलवत राहिला. एरवी तो डोळे मिटायचा. खोटं कशाला बोला, आठवडाभराच्या उन्हानं थकलेला माणूस मिटल्या डोळ्यांनी डुलकीही काढायचा. आज तो बायकांच्या रांगेकडं बघत होता. शामकला दारातून आत आली तेव्हा तिनं उजवा हात सहज म्हणून खांबावरून फिरवला होता. पुढून शेजारची सुमनबाई म्हणाली, "ये इकडं शामकला," तेव्हा ती त्या आवाजाच्या रोखानं बरोबर गेली होती, वाटेत कोणाच्या पायावर पाय न देता, आणि बसण्याआधी पायाच्या बोटानं चटईची कड तिनं चाचपली होती. हे सगळं तिनं किती वेळा त्याच्यासमोर केलं असेल. घरात डाळीचा डबा कानाशी हलवून ओळखायची, भाताचं पाणी आटलं की आवाजावरून सांगायची, दळण आणायला सुमनबाईला सोबत न्यायची, "तेवढ्याच गोठी होते," म्हणायची. बाई गप्पिष्ट झाली असं त्याला वाटलं होतं. आपल्याला वाटलं होतं की आपण तसं वाटून घेतलं होतं, या प्रश्नापाशी येऊन त्याचे ओठ थांबले, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिल्यावर पुन्हा हलू लागले.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, थेंब चुकवायचे नाहीत, तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. रंजिता, त्यांची मुलगी, नागपूरलाच नर्स आहे, तिनं तिथंच, डॉक्टरांच्या दारात, बापाला बजावलं होतं, "बाबा, आईचं कमी झालं असं वाटलं ना, तर मी तिला माझ्याकडं घेऊन जाणार. तुम्ही दिवसभर रोडवर, ती एकटी घरी, पडली-बिडली म्हणजे? मग मी ऐकणार नाही." शामकलानं ते ऐकलं होतं. तीन महिन्यांनी गोरेगावकडचं काम निघालं, मग देवरीचं, मग पावसाआधीची घाई, आणि दर वेळी रत्नपालनं विचारलं, "दिसते ना?" आणि दर वेळी ती म्हणाली, "दिसते ना बाप्पा, का झालं माह्या डोळ्याले?" आणि पुरावा म्हणून स्कूटरवर सांगत जायची: ही पुलिया आली, ही मिल आली, हे फाटक आलं. एकही चुकत नसे. रत्नपाल निर्धास्त व्हायचा. थकलेल्या माणसाला निर्धास्त व्हायला फार काही लागत नाही.

ती कशावरून सांगायची ते आता त्याला समजत होतं, आणि त्यानंच हे तिला शिकवलं होतं, हेही. नव्याण्णव साली हा रस्ता पहिल्यांदा डांबरी झाला तेव्हा तो मजूर होता, दाताळ्यानं गरम डांबर ओढून सारखं करायचा. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. शामकला इटियाडोहच्या कालव्याकाठच्या गावातली, धानाच्या बांधांवरून चाललेली. तिला डांबरी रस्त्याचं मोठं अप्रूप. रस्ता संपला त्या दिवशी संध्याकाळी रत्नपालनं तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. नवी नवरी गप्प बसेल अशी त्याची अपेक्षा. ती मध्येच म्हणाली, "इथं हालते." त्यानं दुसऱ्या दिवशी रस्त्याची पातळी तपासायची तीन मीटरची फट्टी लावून पाहिली, तर खरंच खाली फट दिसली. तेव्हापासून तो प्रघातच पडला. फट्टी लावून, पाणी टाकून, सगळं करून झाल्यावर रत्नपाल बायकोला मागं बसवायचा आणि एक फेरी मारायचा. सायकल गेली, लूना आली, लूना गेली, स्कूटर आली. दाताळंवाला उदाराम आल्यागेल्याला सांगायचा, "साहेबानं पास करून का होते? शामकलाबाई पास करन तवा रस्ता पास." सगळे हसायचे, शामकला पदर तोंडाला लावायची, पण हालतं तिथं हालतं म्हणायला कचरायची नाही. गाडीवर बसल्यावर ती बुडाखालच्या रस्त्याकडं ध्यान देऊन बसायची, आणि रत्नपाल समोरच्या. दोघांच्या संसारात बोलणं असं फार झालं नाही. पुढं वाटेवरच्या रुख्मिणीच्या घरापुढं नळाच्या लायनीसाठी चर खणले गेले, ते धड भरले नाहीत, मिलच्या वळणावर धानाच्या ट्रकांनी डांबर ढकलून वळ्या पाडल्या, पुलियाच्या, म्हणजे गल्लीजवळच्या छोट्या पुलाच्या, तोंडाशी भराव खचला, चिंचेनं मूळ वर काढलं. एकेक दचका वाढत गेला, आणि तिची नजर एकेका बाजूनं कमी होत गेली तसा तो दचका तिच्या उपयोगी पडत गेला असणार. अंधारात खुंटीवरचा कंदील हाताला लागावा तसं.

परतताना तो नव्या रस्त्यानं आला नाही. "वळसा कायले मारून राहिले?" शामकलानं विचारलं, कारण पहिलं वळण तिला अंगानं कळलं होतं. "त्या बाजूनं गर्दी हाये," तो म्हणाला, आणि वळसा घेऊन चिंचेच्या अलीकडं, जुन्या रस्त्याच्या अजून खरवडायच्या तुकड्याला लागला. एका चरावरून स्कूटर खाली गेली. "रुख्मिणीचं घर आलं," शामकला म्हणाली. मग वळ्या लागल्या, गाडी थडथडली. "मिल. आज कोंड्याचा वास नाई, बंद असन." मग पुलियाचा खचलेला भराव. "झालं, आलंच घर." तिचा आवाज मोकळा होत चालला होता, मघाशी चिंचेपुढं झालेली गडबड आता भरून निघाली असं तिला वाटत असावं, आणि रत्नपाल हँडल घट्ट धरून रडू येऊ नये म्हणून रस्त्याकडं बघत होता. पन्नाशी उलटलेल्या मुकादमाला भर दुपारी स्कूटरवर रडू येणं बरं दिसत नाही. त्याला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. इतके दिवस फसवलं म्हणून तिच्यावर काढावा, तर ती कशासाठी फसवत होती हे ठाऊक होतं. हे घर, हा डाळीचा डबा, ही सुमनबाई आणि दिवसभरानं डांबराचा वास घेऊन येणारा न बोलणारा नवरा सोडून तिला रंजिताच्या नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जायचं नव्हतं. आणि त्यालाही तिला पाठवायचं नव्हतं. म्हणजे आता बोललं की ती गेली, आणि नाही बोललं तर तिची उरलीसुरली नजर गेली. रात्री जेवताना ती त्याला म्हणाली, "तुमच्या आंगाले आजकाल येगळाच वास येते. नव्या डांबराचा नाई. जुना, करपल्यावानी." तो म्हणाला, "जुना रस्ता घालून राहिलो ना आमी नव्यात." "तोच?" "तोच. नव्याण्णवचा." तिनं घास घेतला आणि म्हणाली, "मंग त्याले मी पास केलं होतं कधीचंच."

सोमवारी मशीन पुढं सरकली. तिचं नाव काहीतरी लांबलचक होतं. मजुरांनी तिला खरवडणी करून टाकलं होतं, आणि तिच्या पट्ट्यावरून ट्रकमध्ये पडणाऱ्या काळ्या भुग्याला खरवड. भाताच्या पातेल्याच्या बुडाची खरवड पोरं मागून खातात, तशी ही आता सरकारही मागून खात होतं. आमगाव रोडवरच्या प्लांटमध्ये तिचा डोंगर साठला होता, पहाटे गेलं तर थंडगार, दुपारी आपोआप मऊ. खरवड ज्योतीत थेट टाकायची नाही, जळते, निळा धूर काढते; गरम गिट्टीच्या पोटात मधून सोडायची, मग तिच्यातलं वाळकं डांबर घाम आल्यासारखं सुटतं आणि थोड्या नव्या डांबराच्या संगतीनं पुन्हा चिकट होतं. साइटवरचा इंजिनिअर तिलक, तिरोड्याकडचा पोवाराचा पोरगा, हे मोठ्या उत्साहानं समजावून सांगायचा. डोंगर फोडावा लागत नाही, गिट्टी वाचते, दगडखाणी वाचतात, काकाजी. सगळं खरं होतं आणि रत्नपालला पटलंही होतं. आपल्याच हातानं घातलेला रस्ता पंचवीस वर्षांनी कचऱ्यात न जाता परत येतो याचं त्याला पहिल्या दिवशी कौतुकच वाटलं होतं. त्यानं मूठभर खरवड उचलून नाकाशी नेली होती. पण या आठवड्यात ट्रक भरताना त्याला त्या भुग्यात भलतंच दिसायला लागलं. हा रुख्मिणीच्या घरापुढचा चर गेला. ही मिल गेली. उरलेली खरवड चिचगडकडच्या रस्त्याला जाणार होती. म्हणजे शामकलाचं चिंचेचं मूळ, तिची पुलिया आणि वळणं जंगलातल्या कुठल्यातरी सपाट तुकड्यात पसरली जाणार होती, जिथून जाणाऱ्या कोणाला त्यांचा पत्ता लागणार नव्हता. दिवस मावळेपर्यंत तो उभा राहून तिच्या खुणा पुसायचा आणि घरी जाऊन तिनं वाढलेलं जेवायचा. ती ताट पुढं सरकवताना बोटानं कड धरून सरकवते, हे तो आता न बघण्याचा प्रयत्न करूनही बघायचा. थेंबाची बाटली फ्रिजच्या दारात उभी होती. ती त्यानं उघडून पाहिली, वाळून गेली होती.

शुक्रवारी काम पुलियापाशी आलं, म्हणजे त्याच्या गल्लीच्या तोंडाशी. शेवटचा सांधा. डांबर पसरणारी पेव्हर थांबली, मागं काळी वाफाळती चादर, पुढं जुन्या रस्त्याची कड, आणि दोहोंच्या मध्ये उदाराम दाताळं घेऊन वाकलेला. नवा थर रोलरखाली जेवढा दबणार तेवढाच वर ठेवायचा असतो; त्याहून बोटभर जास्त ठेवला की कायमचा दचका. रत्नपालनं आयुष्यभर त्या बोटभरासाठी माणसांना शिव्या घातल्या होत्या. तो उदारामजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "राहू दे इथं थोडा वर."

उदारामला वाटलं आपल्या कानात गरम हवा गेली. "का म्हनलं जी?"

"वर राहू दे सांधा. बोटभर."

उदारामनं दाताळं टेकवून त्याच्याकडं नीट पाहिलं. डोक्याला बांधलेला गमछा, लाल डोळे, ओठांवर सुकलेली पांढरी रेघ. "मुकादम, तुमी सावलीत जाऊन बसा बरं," तो समजुतीनं म्हणाला. "ऊन लागलं तुमाले. इतक्या वर्सानं माह्या हातानं तुमचं नाव खराब करू का मी?" आणि त्यानं जास्तीचा माल ओढून घेतला, एकदा, दोनदा, रोलरवाल्याला हात केला. रत्नपाल सावलीत जाऊन बसला. तिथं सावली कसली, पाण्याच्या टँकरची. त्याला वाटलं, उठावं, ओरडावं, हा रस्ता माझा आहे म्हणावं. पण अंगात उठण्याइतकं काही उरलं नव्हतं. रोलर जाऊन आला. तिलकनं फट्टी लावली, खाली वाकून आरपार पाहिलं आणि हात वर केला, "काकाजी, एकदम मख्खन."

म्हणून रविवारी घरातून निघाल्यापासून विहारापर्यंत सगळं मख्खन होतं. शामकला मागं बसली, दांडा धरला. रत्नपालनं आठवडाभर दुसरा उपाय शोधून ठेवला होता, आणि तो त्याला फारच हुशारीचा वाटत होता. गल्लीच्या तोंडाशी, जिथं पुलियाचा भराव खचलेला असायचा, तिथं त्यानं ब्रेक हलकेच दाबून सोडला. स्कूटर पुढं झुकली. "पुलिया," शामकला म्हणाली. मिलच्या वळणावर त्यानं दोन-तीनदा दाबला, वळ्यांसारखा. "मिल," ती म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. रुख्मिणीच्या घरापाशी त्यानं दाबला तेव्हा ती काहीच बोलली नाही. मग चिंच आली, म्हणजे जागा आली. त्यानं ब्रेक जरा जास्तच जोरानं दाबला, आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. क्षणभर टेकून तो परत जाईल म्हणून तो थांबला. हात गेला नाही.

"अजी," शामकला म्हणाली.

"हव."

"ब्रेक खराब झाला का गाडीचा?"

"नाई."

"मंग जागोजागी काऊन दाबून राहिले?"

त्यानं स्कूटर हळू केली, पण थांबवली नाही. थांबला असता तर तिच्याकडं वळून बघावं लागलं असतं.

"सुमनबाईनं सांगतलं मले, चिंच कधीचीच तोडली म्हनून," शामकला म्हणाली. "आन् मी तुमाले सांगून राहिली, धूळ बसली तिच्यावर." ती थोडंसं हसली, पण ते हसू नीट झालं नाही. "तुमाले तवाच समजलं असन."

"तवाच."

"रंजिताले सांगतलं?"

"नाई."

"कायले नाई सांगतलं?"

"थे तुले घेऊन जाईन," रत्नपाल म्हणाला. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न देत गेला.

"सांगा तिले," शामकला म्हणाली. "नागपूरले दोघं जाऊ, दाखवू, जे थेंब देतीन थे टाकू. पन राहाले मी जात नाई. तसंच सांगा तिले, तुमच्या तोंडानं. माह्या तोंडानं सांगतलं तं आयकनार नाई थे."

"उद्याच जाऊ. सुटी घेतो."

"रस्ता सरला म्हनून सुटी," ती म्हणाली, आणि या वेळी हसू बरं झालं. मग तिचा हात खांद्यावर जरा घट्ट झाला. "आन् हे दचके नोको देऊ. माहं कंबरडं भरून आलं. तोंडानं सांगत जा ना."

"का सांगू?"

"जे दिसते थे."

रत्नपालनं समोर पाहिलं. त्याला वाटलं होतं यात काय अवघड आहे. पण किती वर्षांत त्यानं या गावात रस्त्याच्या वर काही पाहिलंच नव्हतं. कड, उतार, सांधा, पाणी कुठं साचेल, एवढंच त्याला दिसायचं. तो जरा वेळ शोधत राहिला.

"रस्ता हाये," तो शेवटी म्हणाला. "काळा. नवा."

"थे मले वासानं समजते. वर पाहा."

त्यानं वर पाहिलं. मिलची चिमणी मागं राहिली होती, एका गच्चीवर गादी वाळत घातली होती, तारेवर पाखरं होती, कोणती ते त्याला सांगता आलं नसतं. मग आरशात त्याला मागचा बुंधा दिसला.

"चिंचेच्या बुंध्यावर एक बाई बसली हाये," तो म्हणाला. "टोपलं घेऊन. टेंभरं असतीन, जंगलातून आनलेले."

"म्हतारी का तरनी?"

"म्हतारी वाटते."

"लुगडं कोनत्या रंगाचं हाये?"

आरशात रंग कळत नव्हता. त्यानं मान वळवून पाहिलं, तरी उन्हात नीट दिसलं नाही. विहारात वंदना सुरू झाली असणार, उशीर होत होता. "थांब," तो म्हणाला, आणि त्यानं स्कूटर वळवली.